रॅमची दुसरी पट्टी

ज्या माणसाने माझी वस्तू चोरल्याचं देवळात कबूल केलं, त्याने ती चोरली नव्हती. हे मला गेल्या शिमग्यापासून माहीत आहे आणि आजवर मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी घरांचे नकाशे काढतो. मालवणातल्या एका इंजिनिअरच्या हाताखाली बरीच वर्षं कागदावर काढले, मग कॉम्प्युटरवर. आता लोकांना घर बांधायच्या आधीच ते चारी बाजूंनी फिरवून बघायचं असतं, आणि तेवढं चित्र फिरवायला माझा जुना कॉम्प्युटर धापा टाकायचा. नवा घ्यायचा ठरला. दुकानदार मंडळी नव्या डब्यात जुने भाग घालून देतात असं मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते आठवत नाही, पण माझा विश्वास लगेच बसला. गेली वीस वर्षं दारावर येणाऱ्या मासेवालीच्या बांगड्याचा कल्लासुद्धा मी अजून उघडून बघतो. ती हसते आणि म्हणते, "बघ बाबा, बघ, तुझो जीव शांत होवंदे." आमच्या घरात याला हुशारी म्हणत आले आहेत.

तेव्हा सुटे भाग मागवून आपला आपण जोडायचा, असं मी ठरवलं. तीन महिने रोज व्हिडिओ बघितले, वहीत आकृत्या काढल्या. सगळे भाग एकाच विक्रेत्याकडून घेतले नाहीत, म्हणजे फसवलं तरी एकाने सगळं फसवायला नको. आलेला प्रत्येक खोका उघडण्याआधी सहा बाजूंनी फोटो काढून ठेवायचो.

कुरिअरवाला आमच्या वाडीत येत नाही. तो जवळच्या कट्टा गावच्या बाजारात एका दुकानात सामान ठेवतो आणि आपण जाऊन आणायचं. ते दुकान आमच्याच गावच्या माणसाचं. मिक्सर, पंखे, टीव्ही दुरुस्त करतो. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. साऱ्या गावाचे खोके त्याच्या फळीवर असायचे आणि तो त्याचं काही घेत नसे.

शेवटचा खोका रॅमचा होता. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती आठवण. बोटभर रुंदीच्या दोन हिरव्या पट्ट्या, प्रत्येकी आठ जीबीच्या, मिळून सोळा. गणपती नुकतेच होऊन गेले होते, पाऊस होताच. दोन दिवस मला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी खोका आणला, तर वरची चिकटपट्टी सरळ कापलेली. आतल्या प्लास्टिकच्या पाकिटावरचा कागदही एका कोपऱ्यात सुटलेला. मी तिथल्या तिथे काही बोललो नाही. तोंडावर बोलणं मला कधी जमलेलं नाही. घरी येऊन फोन केला.

"दादा, खोक्याची पट्टी कापलेली दिसता."

"मीच कापलंय रे. खोको तळाक भिजलो होतो. आतला सामान बाद होयत म्हणान काढून टेबलार सुकत घातलंय."

"आणि आतला पाकीट?"

"तेका हात नाय लावलंय. कित्याक, काय कमी आसा?"

"नाय, नाय. सहज इचारलंय."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर सुती चादर घालून मी जोडायला बसलो. अंगातली वीज भागांना लागू नये म्हणून दर पाच मिनिटांनी खिडकीच्या गजाला हात लावत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती. आमच्या मुलीवरून म्हणाली, "चेडवाक पयल्यांदा पाळण्यात घातलात, तेव्हा सुद्धा इतक्या जपान हात लावलात नाय." प्रोसेसर बसला. पंखा बसला. मग रॅमच्या पट्ट्या. व्हिडिओतला माणूस सांगत होता की घाबरू नका, दोन्ही टोकांना जोर द्या, टक् असा आवाज यायला हवा. पहिली पट्टी बसवताना मदरबोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटला, म्हणून दुसऱ्या पट्टीला मी बेताने दाबलं. माझ्या बोर्डावर पट्टी धरून ठेवणारं अडकण एकाच टोकाला होतं. ते वर आलं, म्हणजे बसली, असं मी धरलं. आवाज आला होता का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

बटण दाबलं आणि पडदा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा मी जोडलेलं काहीतरी चालू झालं होतं. बायकोने आतून विचारलं, "झाला काय?" मी पडदा वाचत होतो. रॅमपुढे आठ लिहिलं होतं. सोळा नव्हे, आठ.

अशा वेळी पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवाव्यात, हे सोबतच्या पुस्तिकेतच लिहिलेलं होतं. माझ्या वहीतही मी ते लिहून ठेवलं होतं. मी केलं ते वेगळंच. मोबाइल काढला आणि कापलेल्या चिकटपट्टीचा फोटो मोठा करून बघत बसलो. एक चांगली पट्टी काढून घेऊन दादाने तिथे कुठलीतरी मेलेली सरकवली, हे मला पाच मिनिटांत पटलं. त्याच्या दुकानात असले तुकडे पडलेले असतातच. पाकीट सुटलं होतंच. आणि "काय कमी आसा?" असं त्याने आपण होऊन का विचारावं? जो गुन्हेगार तोच आधी विचारतो, असंही मी स्वतःला सांगितलं.

आमच्याकडे वस्तू गेली की पोलिसांत फार कोणी जात नाही. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात; वस्तू परत येऊन तो नारळ उचलेपर्यंत चोराच्या घराला त्रास होतो असं मानतात. मी सोमवारी देवळात गेलो. गावची आठ-दहा माणसं होती. गुरवाने विचारलं, "नाव घेवचा काय कोणाचा?"

"नको," मी म्हणालो. "जेना केल्यान तेका कळतला."

नाव न घेणं हा मला तेव्हा मोठेपणा वाटला होता. खरं तर खोका दोन दिवस कोणाकडे होता, हे आदल्याच दिवशी चहाच्या टपरीवर मी दोघांना सांगून झालं होतं. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं; गाऱ्हाण्यात देवीलाही म्हाराजाच म्हणतात. "ह्या लेकराची वस्तू गेली आसा. जेना कोणी घेतल्यान असात, तेका बुद्धी दी, आणि सात दिसांत तेच्याच हातान परत आणून दी रे म्हाराजा." बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं.

बुधवारपर्यंत कट्ट्याच्या बाजारात ते पोचलं. माझ्या समोरच एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तेच्याकडे मोबाईल मागवशीत तर घराक नुसतो खोको येतलो." सगळे हसले. मी हसलो नाही, पण थांबवलंही नाही. दादाच्या फळीवरचे खोके त्या आठवड्यात लोक घाईघाईने घेऊन गेले. एक बाई तर त्याच्यासमोरच आपला खोका उघडून आतलं सामान तपासून गेली. हे मला त्याच्या शेजारच्या दुकानदाराने हसत सांगितलं.

त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शुक्रवारी तिचं ब्लडप्रेशर एकदम वाढलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. गावात लोक काय म्हणाले ते सांगायला नको. मीही मनात तेच म्हणालो. देवी जागी आहे, असं.

रविवारी दुपारी दादा माझ्या घरी आला. पडवीत बसला नाही. उभ्यानेच खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं.

"ह्या घे."

"काय ता?"

"तुझी पट्टी. माझ्याकडसून झाला. कसा झाला, ता इचारू नको."

मी पाकीट घेतलं.

"माझा चेडू दवाखान्यात आसा," तो म्हणाला. "तू आजच देवळात सांग आणि नारळ उचल. माझ्यासाठी नको, तेच्यासाठी."

पाकीट नवंकोरं होतं, सीलबंद. पट्टी दुसऱ्याच कंपनीची होती. चोराने परत दिलेली वस्तू सीलबंद कशी, हा प्रश्न मला पडला होता, हे कबूल करतो. त्याचं उत्तरही मीच देऊन टाकलं: माझी विकली असणार, आता नवी आणून देतोय. संशय धरलेल्या माणसाला उत्तरांची वाण पडत नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही दोघे देवळात गेलो. गुरवाने देवीला सांगितलं की वस्तू ज्याची त्याला मिळाली, आता कोणाला त्रास देऊ नको म्हाराजा. जमलेल्या माणसांपुढे दादाला विचारण्यात आलं, "तुझ्याकडसून झाला मा?" तो "होय" म्हणाला. प्रसादाची शेरणी हातावर घेताना त्याची मान खाली होती. मी त्याच्या शेजारी उभा होतो, ताठ.

घरी येऊन जुनी पट्टी उपटून काढली आणि नवी बसवली. रागात होतो, बोर्ड वाकतोय की काय याची पर्वा केली नाही. टक् झालं. पडद्यावर सोळा आलं. आणखी कुठला पुरावा हवा होता? मेलेली पट्टी कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, खणात ठेवली. मुलगी आठवड्याभराने बाळ घेऊन सुखरूप घरी आली.

मग शिमगा आला. पाच-सहा महिन्यांची दमट हवा आणि धूळ, म्हणून कॅबिनेट उघडून साफ करायला घेतलं. पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या. खणात ती गुंडाळलेली पट्टी दिसली. मेलेली पट्टी लावली तर कॉम्प्युटर काय दाखवतो ते बघू, एवढ्याच उत्सुकतेने मी ती लावली. आता हात सरावला होता. टक् झालं. पडद्यावर सोळा.

मी बंद करून पुन्हा लावली. सोळा. पाच वेळा केलं. सहाव्या वेळी मुद्दाम बेताने दाबली, पहिल्या दिवशी दाबली होती तशी. अडकण वर आलं, आणि पडद्यावर आठ.

बायको मागे उभी होती. "परत काय बिघाडला?" म्हणून तिने विचारलं. मी म्हणालो, "काय नाय. साफ करतंय."

त्यानंतर मी काय काय केलं तेही सांगतो. चालू असलेला मिक्सर दादाकडे दुरुस्तीला नेला. त्याने उघडून बघितलं आणि "हेका काय झाला नाय, घेवन जा" म्हणून परत दिला. हापूसची एक पेटी पाठवली. ती त्याने घेतली, आणि चार दिवसांनी त्याच्या बायकोने आमच्याकडे फणसाची साठं, म्हणजे फणसपोळ्या, पाठवली. कुरिअरचं सामान तो आता ठेवत नाही. लोकांना खोक्यासाठी मालवणला जावं लागतं आणि ते त्यालाच शिव्या घालतात.

एकदा सांगायचं म्हणून त्याच्या दुकानात बसलो होतो. तो पंख्याची तार गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "तुझा मशीन चलता मा बरा?"

"चलता."

"मगे झाला."

मी उठून आलो.

माझ्याकडे एक सबब तयार आहे. आता खरं सांगितलं तर तो देवीपुढे मुलीच्या भीतीने खोटं बोलला, हे उघडं पडेल. गाव त्याला पुन्हा वेगळं काहीतरी म्हणेल. मग त्याच्याच भल्यासाठी गप्प राहावं. सबब चांगली आहे, आणि म्हणूनच मला तिचा संशय येतो. सात दिवसांत देवीने ज्याला बुद्धी द्यायला हवी होती तो मी होतो, आणि ती मला शिमग्यात मिळाली. त्यालाही आता महिने झाले.

त्याच देवळात, त्याच माणसांसमोर, दादाला शेजारी उभं करून, त्याचं नाव मोठ्याने घेऊन मला सांगायचं आहे की वस्तू कधी गेलीच नव्हती, दुसरी पट्टी मीच नीट बसवली नव्हती. एवढं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.