दाराआडच्या ओळी

मुलीनं माझ्याकडे मराठी मागितली, तेव्हा मी भेंडी चिरत होते. बोटांना तो हिरवा, बुळबुळीत वास होता आणि फोन कान व खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेला.

“आई, मला एक प्रेयर लिहून दे ना. म्हणजे प्रेयर नाही... समथिंग लाइक दॅट. आपलं असं काहीतरी. मराठीत.”

मी सुरी खाली ठेवली. बालवाडीत जाऊ लागल्यापासून ही मुलगी मला इंग्रजीतून उत्तरं देत आली होती. मी विचारायची, जेवलीस का. ती म्हणायची, आय एट. माझ्या कवितांचं पुस्तक निघालं तेव्हा तिनं मुखपृष्ठाचा रंग छान आहे असं सांगितलं होतं. त्या रंगाखाली काय आहे, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मीही तिच्यापुढे पुस्तक उघडलं नाही.

ती ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकत होती, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. तिथं खांबांच्या ओसऱ्या असलेली मोठाली घरं आहेत आणि त्यांच्या कपाळावर ग्रीक अक्षरं. मुलग्यांच्या घरांना फ्रॅटर्निटी म्हणतात, मुलींच्या घरांना सोरॉरिटी. पहिल्या वर्षी ती अशा बऱ्याच घरांत जाऊन आली होती. प्रत्येक दारात तिचं हसून स्वागत झालं, लिंबाचं सरबत मिळालं आणि परत बोलावणं मात्र कुठूनच आलं नाही. दुसऱ्या वर्षी तिनं आणि तिच्या काही मैत्रिणींनी ठरवलं की आता दुसऱ्यांच्या ओसरीवर उभं राहायचं नाही. भारतीय मुलींची एक सोरॉरिटी दुसऱ्या काही विद्यापीठांत होती. तिची नवी शाखा, म्हणजे चॅप्टर, इथं काढायची. नव्या मुलींना आत घेण्याच्या दीक्षाविधीचा सांगाडा मूळ संस्थेकडून येणार होता, पण त्यात आपली अशी थोडी भर घालायची मुभा प्रत्येक चॅप्टरला होती. ती भर माझ्या वाट्याला आली.

“मुलगी इंजिनिअर व्हायला गेली आणि भटजी होऊन येतेय,” तिचे बाबा म्हणाले.

मी हसले नाही. मी लिहायला बसले होते.

मला आठवत राहिलं ते माझ्या माहेरचं चैत्रातलं हळदीकुंकू. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षीही आंब्याची डाळ आईनंच वाटली, पन्ह्यात वेलदोडा आईनंच घातला. बायका आल्या तशी ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. बाहेर काकू सगळ्यांच्या हातांना अत्तर लावत होती आणि त्याचा दाट, गोड वास पडद्याखालून आत येत होता. मी बोटावर थोडं अत्तर घेऊन आईकडे गेले. तिनं हात पदराखाली घेतला. “बाहेर जा,” म्हणाली, “बायका काय म्हणतील.”

म्हणून मुलीसाठी लिहिताना मी कुंकू वगळलं आणि अत्तर ठेवलं. आत येणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटावर अत्तर लावताना म्हणायच्या अगदी साध्या ओळी होत्या:

हात पुढे कर, अत्तर घे.
कुणाची कोण, हे इथे विचारत नाहीत.
उशिरा आलीस तरी ये,
दार लावलेलं नाही.

मग रोज संध्याकाळी तिचा फोन येऊ लागला. ओळी घोटून घ्यायच्या होत्या. पडद्यावर तिच्याभोवती इतर मुलींची डोकी दाटीनं गोळा व्हायची, कुणी तेलुगू, कुणी गुजराती.

“आंटी, ‘इथे’मधला ‘थ’ काढताना मी समोरच्या मुलीवर थुंकतेय!”

“थुंक थोडंसं. अत्तर लावायचंच आहे नंतर.”

त्या हसायच्या आणि माझी मुलगी त्यांना ऐटीत बजावायची, “माझी आई पोएट आहे, ओके? नीट म्हणा.” तेवढा एक महिना तिनं मला शब्दांचे अर्थ विचारले. एकदा तर तिनं विचारलं, “ ‘कुणाची कोण’ म्हणजे नेमकं काय गं?” मी तिला माझ्या आईची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “दॅट्स सो अनफेअर, आई.” मला वाटलं, आता ही वाट सुरू झाली आहे, बुजायची नाही.

दीक्षेचा दिवस नोव्हेंबरातला होता, रविवार. ऊन होतं, पण पत्र्यासारखं थंड. इथल्या भारतीय दुकानातून आणलेली गुलाबदाणी, हिन्याचं अत्तर आणि परीटघडीच्या साड्या घेऊन मी विद्यापीठाच्या त्या दगडी इमारतीत पोचले. दिवाणखान्याशेजारच्या खोलीत मी एकामागून एक मुलींना साड्या नेसवल्या. दातांत पिना, गुडघे फरशीवर, नाकात सुताच्या खळीचा वास. मुलीच्या निऱ्या मी सगळ्यांत शेवटी घातल्या आणि जरा जास्त वेळ घेतला.

मग आम्ही सगळ्या दिवाणखान्याच्या दाराशी आलो. दुसऱ्या विद्यापीठातून विधी करायला आलेली एक मोठी मुलगी, जिला सगळ्या दीदी म्हणत होत्या, आडवी आली.

“आंटी, थँक यू सो मच. यहाँ से आगे सिर्फ सिस्टर्स.”

मी मुलीकडे पाहिलं. तिला हे माहीत होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आई, इट्स सीक्रेट. सगळीकडेच असतं. मी सांगणार होते.”

“अगं, पण ओळी माझ्याच आहेत.”

“आई, प्लीज.”

तिनं माझ्या हातातली गुलाबदाणी घेतली. दार लागलं, आतून कडी फिरली.

मी त्या बोळात उभी राहिले. फरशीला मेणाचा वास होता, भिंतीतला हीटर ठकठक करत होता. आतून आवाज येत होते. शब्द मात्र जाड लाकडात विरून जात होते. ते मराठी होतं की नाही, हेदेखील मला कळेना. मी दाराला कान लावला नाही. तेवढी अब्रू मी राखली.

बाहेर आल्या तेव्हा सगळ्या रडत-हसत होत्या. फोटो मीच काढले. मग मनगटाला अत्तराचा वास येतो का पाहायला मुलीचा हात हातात घेतला, पण तिनं हातमोजे चढवले होते.

“माझ्या ओळी म्हटल्या का?”

“आय कान्ट से.”

“एवढंच सांग, ठेवल्या की गाळल्या?”

“आई, मी शपथ घेतलीय.”

संध्याकाळचे फोन थांबले. घोटून घेण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. कधीमधी आलाच तर मी विचारायची, जेवलीस का, आणि ती म्हणायची, आय एट.

जानेवारीत इथल्या महाराष्ट्र मंडळात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि त्यात मी नवं काही वाचावं असं ठरलं होतं. मी त्याच ओळी काढल्या. पुढे वाढवून त्यांची पूर्ण कविता केली, त्यात आईचा पदराखाली गेलेला हात आणला. बऱ्याच दिवसांनी हातून बरं काही उतरलं होतं. आनंदाच्या भरात मी मुलीला तसं कळवलं. तिचा लगेच फोन आला.

“आई, त्या ओळी कुठे वाचू नकोस हं. आता त्या चॅप्टरच्या आहेत. बाहेर कळलं तर मला काढतील.”

म्हणजे ठेवल्या होत्या. मला जे हवं होतं ते तिच्या तोंडून असं, चुकून, भीतीपोटी निसटलं. पण ते निसटल्याचं तिला कळलंही नाही.

“त्यात आजी आहे तुझी,” मी म्हटलं.

“आय नो. सॉरी, आई. पण नको ना वाचूस.”

आपली अशी एक ओसरी मिळवायला तिनं काय काय सोसलं होतं, ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, “बरं.”

मंडळाच्या सभागृहात तिळगुळाचा, मोगऱ्याच्या सेंटचा आणि ओल्या लोकरी कोटांचा वास कोंदला होता. माझी पाळी आली. मी उठले नाही. अत्तर लावत फिरणाऱ्या एका काकूंनी माझ्या मनगटावर अत्तर लावलं आणि हळू आवाजात विचारलं, “हल्ली काही लिहीत नाही वाटतं?”

“नाही,” मी म्हटलं. “सुचत नाही.”

“होतं असं वयानुसार,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या.