दीडताऱ्यांना न आवरलेलं हसू

आमच्या वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या पुरवणीत सिनेमाचं परीक्षण लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळा विभाग ‘दीडतारे’ म्हणायचा. ते त्यांचं आडनाव नव्हतं. सिनेमा कुठलाही असो, कुणाचाही असो, हे त्याला पाचापैकी दीड तारा देत. एकच दिला तर वितरक भांडायला येतो आणि दोन दिले तर आपल्याला सिनेमा आवडला असा लोकांचा गैरसमज होतो, असं त्यांचं म्हणणं. या दोन संकटांच्या मधोमध त्यांनी आपली अभिरुची बसवली होती.

पुरवणी लावायचं काम माझ्याकडे होतं. त्यांचा मजकूर वाचायचा, कापायचा, त्याला मथळा द्यायचा. एवढ्यापुरताच आमचा संबंध, आणि तोही मला जास्तच वाटायचा.

एरवी ते विमा कंपनीत नोकरी करत. भरपाईसाठी आलेल्या अर्जांतून नकाराची कारणं शोधून काढायची, हे त्यांचं टेबल. घर जळालेल्या माणसाला ‘आपण धूर वेळेवर कळवला नाही’ असं लिहून पाठवणारा हात, तोच शुक्रवारी सिनेमावर चालायचा. ‘आशयाचा अभाव’, ‘हाताळणीत उथळपणा’, ‘दिग्दर्शकाने अधिक खोलात जायला हवं होतं’ हे शब्द त्यांच्याकडे जणू शिक्क्यासारखे तयार होते. मी एकदा गंमत म्हणून आधीच्या महिन्यातला एक परिच्छेद उचलून नव्या सिनेमाच्या परीक्षणात टाकला. कुणालाच पत्ता लागला नाही. त्यांना तर नाहीच. “या वेळी भाषा छान जमून आली,” असं मात्र ते म्हणाले.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायच्या. दिवसभर घाबरलेल्या माणसांना धीर देणं हेच त्यांचं काम. सिनेमाची त्यांना फार आवड. पण पत्रकारांसाठीच्या खेळाला दीडताऱ्यांनी त्यांना कधीही नेलं नाही. “तिथे आम्ही कामाला जातो,” ते सांगत, “करमणुकीला नाही.” आणि घरी टीव्हीवर काही विनोदी लागलं आणि वहिनी हसल्या, की हे वर्तमानपत्र खाली करून असं बघत, की बिचारीने आवाज कमी करावा. टीव्हीचा आणि स्वतःचाही.

तर झालं असं, की हॉलिवूडची एक हलकीफुलकी प्रेमकथा आली. नायक टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगतो आणि तो हटकून चुकतो. नायिका बागेत, समुद्रकिनारी लोकांची लग्नं लावून देण्याचा व्यवसाय करते. याच्या अंदाजावर विसंबून तिची लग्नं एकामागून एक भिजतात, तेव्हा ती त्याच्या स्टुडिओत भांडायला जाते. पुढे काय होणार हे पोस्टर पाहूनच कळतं. पण रस्ता मजेचा होता.

पत्रकारांचा खेळ सकाळी होता. छोटं थिएटर, गारठा असा की खुर्चीत बसलं की हाडं कुडकुडावीत. सगळी समीक्षक मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी कपाळावर आठ्या घालून बसली होती. मी त्यांच्या मागच्या रांगेत होते. सिनेमात एका लग्नाचा तंबू वाऱ्याने उडतो आणि नवरीचे वडील दोरी न सोडता त्याच्यासोबत लोंबकळत, वरूनच पाहुण्यांचं स्वागत करतात. त्या प्रसंगाला दीडतारे हसले. मिशीतल्या मिशीत नव्हे. खुर्ची हलेपर्यंत, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. शेजारच्या मासिकवाल्याच्या मांडीवर त्यांनी थाप मारली. शेवटी नायक भर पावसात ‘आज स्वच्छ ऊन पडेल’ असं म्हणत तिच्या दारात उभा राहतो, तेव्हा यांनी नाक शिंकरलं. त्यांचं तसं रूप मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर त्या दोन तासांत तो माणूस मला बरा वाटला.

दिवे लागले आणि सगळ्यांनी आपापले चेहरे परत चढवले.

बाहेर कॉफीच्या काउंटरपाशी खरा खेळ सुरू झाला. या मंडळींत एक आचार्य होते. आचार्य म्हणजे आमच्याहून मोठ्या वर्तमानपत्राचे समीक्षक. पांढरी दाढी, गळ्यात मफलर आणि दरवर्षी परदेशातल्या कुठल्यातरी महोत्सवाला जाऊन आल्याचा टेंभा. ते बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा तिथला अलिखित नियम. सगळे कागदी कप हातात धरून त्यांच्या दाढीकडे बघत उभे. आचार्यांनी कॉफीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले,

“पोकळ.”

ते सिनेमाला म्हणाले की कॉफीला, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण तेवढं पुरलं. मासिकवाला म्हणाला, “अगदी माझ्या मनातलं बोललात.” दुसऱ्याने मान डोलावली. आणि ज्यांच्या डोळ्यांच्या कडा अजून ओल्या होत्या ते आमचे दीडतारे म्हणाले, “पोकळच नव्हे, आचार्य, पोकळ आणि गुळचट.”

दुपारी त्यांचा मजकूर आला. दीड तारा. त्यात एक वाक्य होतं: ‘हा सिनेमा पाहताना हसू आवरत नाही असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते.’ आणि खाली, ‘संपूर्ण खेळात प्रस्तुत लेखकाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.’

मी त्यांना फोन केला.

“अहो, तुम्ही तर चष्मा काढून हसत होतात.”

“मॅडम,” ते शांतपणे म्हणाले, “हसणं ही शारीरिक क्रिया आहे. शिंकेसारखी. समीक्षा बुद्धीने करायची असते.”

“मग रेषाही हलली नाही, हे?”

“ती लेखकाची भूमिका आहे.”

मी फोन ठेवला. रेषा काढून टाकली, कीव राहू दिली. मत छापायची सोय आहे, थाप छापायची नाही.

पुढच्या शुक्रवारी सिनेमाची मोठी जाहिरात आली. पाऊणपान. तंबूला लोंबकळणाऱ्या बापाचं चित्र आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत: ‘हा सिनेमा पाहताना हसू आवरत नाही!’ खाली आमच्या वर्तमानपत्राचं आणि दीडताऱ्यांचं खरं, पूर्ण नाव. वितरकाने त्यांचं वाक्य बरोबर कीव यायच्या आधी कापलं होतं. शब्द सगळे त्यांचेच. उद्गारचिन्ह तेवढं त्याने पदरचं घातलं होतं. बसथांब्यांवर, थिएटरच्या काचेवर, पुलाच्या कठड्यावर, जिकडे तिकडे दीडतारे हसत होते.

ते तणतणत ऑफिसात आले. जाहिरातीचा चोळामोळा माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, “ही बदनामी आहे! उद्याच्या उद्या खुलासा छापा. ठळक. चौकटीत.”

“छापू की,” मी म्हटलं. “लिहून द्या.”

त्यांनी तिथेच बसून लिहिला. चांगला कडक लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या मतासाठी भांडताहेत असं मला वाटलं. ते मत खोटं होतं ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. आवाज मऊ.

“तो खुलासा राहू द्या, मॅडम.”

“का हो?”

“उगाच कशाला वाद? व्यापक विचार केला तर माझ्या मूळ लेखात तसा सूर होताच.”

मधल्या काळात काय झालं ते मला नंतर कळलं. विमा कंपनीतल्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली होती, ‘आमच्या घरचे सगळे जाऊन आले, पोट दुखेपर्यंत हसले,’ म्हणून. इमारतीतले लोक जिन्यात थांबून बोलत होते. वर्षानुवर्षं ज्यांनी या माणसाला जावई म्हणून मोजलंही नव्हतं, त्या सासऱ्यांनी पोस्टरचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आचार्यांचं परीक्षण आलं होतं. परदेशातल्या बड्या समीक्षकांनी सिनेमाला डोक्यावर घेतल्याची बातमी त्यांना वेळेत लागली असावी. त्यांनी चार तारे दिले होते. ‘सुखान्ताकडे संशयाने पाहण्याची आपली सवय किती करंटी आहे’ असं लिहिलं होतं. काउंटरपाशी जी मंडळी ‘पोकळ’ म्हणाली होती ती उघडी पडली. एकट्या दीडताऱ्यांचं नाव पोस्टरवर, तेही सगळ्यांच्या आधी.

सिनेमा चाललाच. थिएटरच्या मालकाने एक समारंभ ठेवला आणि मंचावर आचार्यांच्या शेजारी दीडताऱ्यांना बसवलं. ‘या सिनेमाचं मोल सर्वप्रथम ओळखणारे समीक्षक’ अशी ओळख करून दिली गेली. मला वाटलं, आता तरी खाली बघतील. ते उठले, पुष्पगुच्छ सांभाळत माइकपाशी आले आणि म्हणाले, “पहिल्या दृश्यापासून मी ओळखलं होतं. तंबूच्या प्रसंगाला तर मला चष्मा काढावा लागला. आणि सांगायला लाज वाटत नाही, शेवटी माझे डोळे पाणावले.”

गंमत पाहा. त्या भाषणातलं तेवढंच खरं होतं, आणि तेही त्यांच्या तोंडून लबाडीसारखं बाहेर पडलं. आचार्यांनी टाळ्या वाजवल्या. एक लफंगा दुसऱ्याला ओळखत होता आणि दोघेही एकमेकांना सांभाळून घेत होते.

वहिनी समोरच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तोंडावर हात ठेवून नवऱ्याकडे बघत होत्या, अनोळखी माणसाकडे बघावं तशा. बाहेर पडताना त्यांनी विचारलेलं मी ऐकलं.

“खरंच इतके हसलात तुम्ही?”

“म्हणजे काय!”

“मग मला दाखवा ना. माझ्यासोबत बघू आपण तो सिनेमा.”

दीडताऱ्यांना नाही म्हणता येईना. भोवती माणसं उभी होती.

पुढचं मला वहिनींनीच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी. रविवारी दुपारी दोघं गेले. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसली होती. त्यांना सिनेमाची नव्हे, नवऱ्याचं हसू बघायची उत्सुकता होती. पण दिवे मालवले आणि दीडताऱ्यांचं तोंड सुटलं. “आता बघ, तो चुकीचा नकाशा दाखवेल.” “इथे दिग्दर्शकाने काय केलंय, लक्ष दे.” “हे विनोदाचं विलंबित रूप.” तंबूचा प्रसंग आला तेव्हा तो उडायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, की आता बाप लोंबकळणार. मग सगळं थिएटर हसलं तेव्हा ते पडद्याकडे बघतच नव्हते. मान वळवून मागच्या रांगा न्याहाळत होते, आपल्याला कोणी ओळखतंय का म्हणून.

“तुम्ही हसला नाहीत,” वहिनी म्हणाल्या.

“मी पाहिलाय तो प्रसंग आधी.”

“मी पण एकदा बहिणींबरोबर पाहिलाय. तरी मला हसू येतंय.”

“तुझी गोष्ट वेगळी आहे.”

वहिनींनी पर्स उचलली, ‘जरा जाऊ द्या’ म्हणत लोकांच्या पायांतून वाट काढली आणि पुढच्या रांगेत दोन कॉलेजच्या मुलींच्या शेजारी रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिथे त्या पोटभर हसल्या. त्या मुलींनी त्यांच्यापुढे पॉपकॉर्नची पिशवी धरली. शेवटच्या पावसात तिघी मिळून रडल्या.

“हे उठून आले का तुमच्याकडे?” मी विचारलं.

“छे! मध्यंतरात त्यांना कोणीतरी ओळखलं ना. ते बाहेर भाषण देत उभे होते. सिनेमा सुरू झाला तरी आत आले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, तू उठून गेलीस, लोकांना काय वाटलं असेल?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मला भूक लागली होती. मी जेवायला बसले.”

हे बोलणं थिएटरच्याच आवारात झालं. वहिनी आता दवाखाना लवकर सुटतो त्या दुपारी एकट्या सिनेमाला येतात. नवऱ्याचं परीक्षण वाचत नाहीत. “शेवट सांगून टाकतात हो,” एवढीच त्यांची तक्रार. दीडतारे सध्या विनोदी सिनेमांना पारितोषिक देणाऱ्या समितीवर आहेत. आचार्य अध्यक्ष आहेत. त्यांनी तोंड उघडेपर्यंत तिथेही कुणी बोलत नाही, असं ऐकते.

खिडकीपाशी वहिनींचा नंबर आला. “कुठला चांगला आहे?” त्यांनी तिकीट देणाऱ्या मुलीला विचारलं.

ती म्हणाली, “मावशी, तीन नंबरला चाललाय त्यात लोक खूप हसतात. दारापर्यंत आवाज येतो.”

“मग तोच दे,” वहिनी म्हणाल्या.