पन्नासावरचा काटा

क्लेम वासिलेव्स्की आणि नायेली यांची पहिली भेट एका बंद दाराच्या दोन बाजूंना झाली. क्लेमच्या म्हणण्याप्रमाणे ती पाच मिनिटं चालली. नायेलीच्या म्हणण्याप्रमाणे तिचं अर्धं तारुण्य तिथेच गेलं. त्या दिवशी सरोवरावरून असा बर्फ आला होता की ईरी गावातल्या टपालपेट्या गाडल्या गेल्या, टपालवाला गाडला गेला आणि वरच्या गल्लीतला एक जण म्हणे चर्चच्या कळसाला ठेच लागून पडला. अशा हवेत दार वाजवणारा प्राणी ईरीत एकच असतो, मतं मागायला आलेला प्रचारक. बर्फ, वादळ, सुतक, काहीही त्याला अडवत नाही.

म्हणून क्लेमनं दार न उघडताच आपलं नेहमीचं भाषण सुरू केलं. त्याचं अजून काही ठरलेलं नाही. लाल पक्षाचं काही पटतं, निळ्याचं काही पटतं. कारखान्यातून माणसं काढली तेव्हा लालही फिरकले नव्हते आणि निळेही. तरी तो मन मोकळं ठेवून आहे, पत्रक फटीतून सरकवावं. बाहेर शांतता होती. भाषणाचा परिणाम झालासा वाटून क्लेमनं परराष्ट्र धोरणावरही चार शब्द जोडले. तेव्हा कुठे फटीतून बारीक आवाज आला.

"साहेब, तुमचं ठरेपर्यंत मी आत येऊन बसू का? एजन्सीनं पाठवलंय मला. तुमच्या बायकोला आंघोळ घालायला."

दार उघडलं तर पायरीवर बर्फाचा एक पुतळा उभा होता आणि त्याला दोन काळेभोर डोळे होते.

क्लेमचंही फार चुकलं नव्हतं म्हणा. ईरी हा तळ्यात-मळ्यात करणारा जिल्हा. एका निवडणुकीत लाल, पुढच्या खेपेला निळा, आणि हा जिकडे कलेल तिकडे अख्खं पेनसिल्व्हेनिया राज्य कलतं असा दोन्ही पक्षांचा समज. त्यामुळे इथल्या माणसाला दर दोन वर्षांनी जावयाचा मान मिळतो. आणि या जावयांतला थोरला जावई म्हणजे क्लेम. शहराबाहेरच्या दुकानांच्या रांगेत दंतवैद्याशेजारी एक खोली होती. तिथे गावातल्या काठावरच्या मतदारांना बोलावून सँडविच खाऊ घालत, पुढाऱ्यांच्या चित्रफिती दाखवत आणि प्रत्येकाच्या हातात एक बटण देत. बटणावर काटा. आवडलं तर शंभराकडे फिरवायचा, नावडलं तर शून्याकडे. समोर भिंतभर आरसा आणि आरशामागे बसून राजकारणातली हुशार माणसं हे सगळं बघत. ती कुठल्या पक्षाची, ते आरशापुढच्यांना कधी सांगत नसत.

क्लेमचा काटा पन्नासावरून हलत नसे. हा काही आळस नव्हता. तीस वर्षं त्यानं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात चाचणीच्या खोलीत काढली होती, आणि तिथला नियम असा की काटा मध्यावर असला तर इंजिन ठीक, काटा कडेला गेला की सगळ्यांनी पळायचं. हीच शिस्त त्यानं पुढाऱ्यांना लावली. एकदा एका उमेदवारानं भाषणात आपल्या आईची आठवण काढली तेव्हा क्लेमनं काटा बावन्नावर नेला, तर आरशामागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"तुला सँडविच घालण्यापेक्षा त्यांनी आरशालाच घालावं," त्याचा मित्र झिगी पोलिश क्लबात म्हणायचा. झिगी कडवा लाल होता आणि ज्याचं ठरत नाही असा माणूस त्याला उघड्या पँटीनं हिंडणाऱ्या माणसासारखा वाटायचा. क्लेम शांतपणे मासा खायचा. ज्याचं ठरलं त्याला कोण विचारतं, हे त्याचं उत्तर असायचं, आणि ते इतकं खरं होतं की पुढे त्यालाच फार महागात पडलं.

तर नायेली. ती तीन वर्षांची असताना मेक्सिकोहून आईबापांच्या कडेवर आली होती. बाप सरोवराकाठच्या द्राक्षमळ्यांत वेलांची छाटणी करायचा. ती इथेच शिकली, इथेच वाढली, ईरीच्या माणसासारखी नाकात बोलायची. पण कागदोपत्री ती कुठलीच नव्हती. लहानपणी आणलेल्या अशा मुलांना सरकार दोन-दोन वर्षांचा परवाना देई, त्यावर नोकरी आणि गाडी चालवायची मुभा. बर्नाडेटला, म्हणजे क्लेमच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आल्यावर तिच्याकडे एकच शब्द उरला होता, "नको". औषध नको, उशी नको, क्लेम नको. एजन्सीच्या दोन बाया या एका शब्दापुढे हात टेकून गेल्या. नायेलीनं पहिल्या आठवड्यात कोंबडीचं सूप केलं, त्यात भात घातला, लिंबू पिळलं. जिनं जन्मभर कोबी आणि पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, सोडून काही खाल्लं नव्हतं त्या बर्नाडेटनं एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अजून."

क्लेम स्वयंपाकघरात जाऊन सिंकचा नळ दुरुस्त करू लागला. नळ चांगला होता.

तेव्हापासून नायेली त्याला डॉन क्लेमेन्ते म्हणू लागली, जणू तो एखादा जमीनदार होता, आणि तो तिला पोरी म्हणू लागला. ती दुसरीकडे रात्रपाळी करून यायची, नर्सिंगच्या शाळेसाठी पैसे साठवायची आणि बर्नाडेटचे केस विंचरताना तिला गावातली सगळी लफडी सांगायची. बर्नाडेट "अजून" म्हणायची. क्लेमच्या घरात इतकं बोलणं त्यांच्या लग्नातही झालं नव्हतं.

त्या जानेवारीत खर्चाची मंजुरी अडली आणि सरकार बंद पडलं, म्हणजे कचेऱ्यांना कुलूप आणि नोकरांचे पगार बंद. एक बाजू म्हणाली, या मुलांना कायमचं राहू देणारा कायदा करा, नाहीतर खर्चाला मंजुरी नाही. दुसरी म्हणाली, आधी सीमेवर भिंत. दोघंही हटून बसले, आणि दोघांचाही हिशेब एकच होता, लोक वैतागले की दुसऱ्याला शिव्या घालतील. लोक वैतागले, पण शिव्या घालताना त्यांनी कुणाला वगळलं नाही. झिगीचा जावई सरोवरावरच्या तटरक्षक दलात होता. तो रोज गणवेश घालून कामावर जायचा आणि बिनपगारी परत यायचा. क्लबानं त्यांच्या घरांसाठी डबे आणि डायपर गोळा करायला पिंप ठेवलं. झिगीनं त्यात बटाट्याची पोती टाकली आणि त्या आवाजात सगळ्या पुढाऱ्यांच्या आयाबहिणी काढल्या, आधी निळ्यांच्या, मग जरा खालच्या आवाजात लालांच्या. चर्चच्या पायरीवर, केस कापायच्या दुकानात, जिथे तिथे एकच विषय. बाहेरून आलेल्यांपायी आपल्या माणसांचे पगार अडले, असं म्हणणारे हळूहळू वाढत गेले. नायेली दुकानात गेली की ओळखीची माणसं डब्यांवरची किंमत फार लक्ष देऊन वाचू लागली.

तिचा परवाना मे महिन्यात संपत होता. परवाने वाढवून देणं थांबलं होतं. कायदा झाला तर ती राहणार, नाही झाला तर नाही, इतकं ते सरळ होतं.

आणि अशात क्लेमला त्या खोलीतून बोलावणं आलं.

बातमी ऐकून नायेली बर्नाडेटचे मोजे चढवता चढवता हसली. "डॉन क्लेमेन्ते, अख्ख्या देशाचं घोडं अडलंय आणि ते तुम्हाला विचारतायत. जरा फिरवा की तो काटा माझ्यासाठी."

"किती?"

"तुम्ही इंजिनवाले. तुम्हीच बघा, फुटणार नाही इतपत."

ती थट्टा होती. क्लेमनं ती थट्टा उशाशी जपून ठेवावी तशी ठेवली. त्याला मनापासून वाटू लागलं की आजवरचं सगळं पन्नास याच दिवसासाठी शिल्लक टाकलं होतं. जो माणूस कधीच हलत नाही तो हलला तर आरशामागचे उठून उभे राहतील, राजधानीला फोन जाईल, कुणीतरी कुणाला तरी म्हणेल, ईरीचा वासिलेव्स्की शंभरावर गेला, आता ऐकायलाच हवं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं टाय लावला. बर्नाडेटनं टाय पाहिला आणि म्हणाली, "नको."

खोलीत नेहमीची डझनभर माणसं होती, टर्कीचं सँडविच होतं आणि राजधानीहून आलेली डॅफ्नी नावाची गोड बाई होती, जिला प्रत्येकाचं नाव पाठ होतं. चित्रफीत लागली. कुणी एक सिनेटर म्हणाला, ही मुलं आईच्या कडेवर आली, त्यांना दुसरा देशच ठाऊक नाही. क्लेमनं बटण धरलं. साठ, सत्तर. हाताला इतकी सवय नव्हती. कारखान्यातल्या सगळ्या भोंग्यांचे आवाज कानात आले. त्यानं काटा थेट शंभरावर नेला आणि फीत संपली तरी तिथेच दाबून धरला.

आरशामागे चिप्स खाल्ल्याचा आवाज थांबला. डॅफ्नीनं कानातलं यंत्र चाचपलं.

"मिस्टर वासिलेव्स्की, तुम्हाला फार भावलेलं दिसतंय. मनात काय आलं ते सांगाल?"

क्लेमनं घरी भाषण तयार केलं होतं. त्यातलं त्याला एकही वाक्य आठवेना. नायेलीचं नाव घ्यावं का, हेही कळेना. आरशामागे कोण, कुणास ठाऊक. मग डोळ्यांपुढे आलं तेच तो बोलला. "हे बघा बाई, आमच्याकडे बर्फ पडला की माणूस आधी आपलं दार साफ करतो. मग फावडं तसंच घेऊन शेजारच्या म्हातारीच्या दारात जातो. ती कुठून आली ते विचारत नाही. तिला बाहेर पडता आलं पाहिजे, एवढंच."

समोर बसलेल्या एका ट्रकवाल्यानं मान हलवली. आरशामागे कुणीतरी भराभरा लिहितंय असं क्लेमला वाटलं, आणि ते खरंच होतं.

क्लेम कोट घालत असताना डॅफ्नी त्याच्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर डॉक्टर बाहेर येऊन उभे राहतात तेव्हाची माया होती.

"तुमचं ठरलंय ना आता?"

"ठरलं. एकदाचं."

"मग आम्हाला तुम्हाला परत बोलावता येणार नाही. इथे ज्यांचं ठरलेलं नाही तेच लागतात."

"चालेल की. पण माझा शंभर पोचवलात ना वर?"

"कडेला गेलेले काटे आम्ही बाजूला काढतो, मिस्टर वासिलेव्स्की. जो पटलेलाच आहे, त्याला पटवायला कुणी खर्च करत नाही." मग ती पुढे म्हणाली, "तुमचं ते फावड्याचं मात्र सुरेख होतं."

क्लेम गाडीत बसला. काच साफ करायचं त्याला सुचेना, म्हणून तो बराच वेळ पांढऱ्या काचेकडे बघत राहिला. पण फावड्याचं सुरेख होतं, हे त्यानं घरापर्यंत जपून नेलं. शंभर गेला तरी वाक्य गेलं नव्हतं.

ते खरंच गेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात नायेली बर्नाडेटला सूप भरवत होती आणि टीव्ही लावलेला होता. पडद्यावर बर्फ पडला. चौकड्यांचा शर्ट घातलेला एक म्हातारा, क्लेमपेक्षा पुष्कळ देखणा, फावडं घेऊन उभा राहिला आणि क्लेमच्याच सुरात म्हणाला, "आमच्याकडे बर्फ पडला की माणूस आधी आपलं दार साफ करतो." एवढंच. पुढे म्हातारी नव्हती. पुढे सीमेची काटेरी तार होती, मग तटरक्षक दलाची एक बोट, आणि भारदस्त आवाजात सांगितलेलं, की तुमच्या सिनेटरला फोन करा, म्हणावं आधी आपली माणसं, बाहेरच्यांसाठीच्या या कायद्यात आमचं नाव नको.

क्लेमनं रिमोट शोधला. तो त्याच्याच हातात होता.

"हे तुम्ही म्हणालात ना, डॉन क्लेमेन्ते?" नायेलीनं विचारलं. चमचा मधेच थांबला होता. "आपलं दार. तुम्ही असंच म्हणता."

"पुढचं कापलं त्यांनी. पुढे होतं बघ, शेजारच्या म्हातारीचं..."

"असणार. तुम्ही दर वेळी शेजारणीचंही साफ करता, बघितलंय मी." तिनं बर्नाडेटची हनुवटी पुसली. "चांगलं बोललात. जाहिरात चांगली झालीय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली. बर्नाडेट "अजून" म्हणाली आणि नायेलीनं चमचा पुढे केला.

जाहिरात गाजली. क्लबात लोक फावडं उचलल्याचा अभिनय करून एकमेकांना बिअर देऊ लागले. झिगीनं ते वाक्य गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलं, आणि क्लेमनं जेव्हा सांगितलं की ते माझं आहे, तेव्हा त्यानं आधी विश्वासच ठेवला नाही. ठेवला तेव्हा क्लेमला कडकडून मिठी मारली. "क्लेम्या, लेका, शेवटी आमच्यात आलास."

क्लेमनं त्याला म्हातारीचा भाग सांगितला. झिगी ऐकत राहिला, काचेकडे बघत राहिला, मग म्हणाला की एवढं सगळं काचेवर मावलं नसतं.

लोकांनी सिनेटरला इतके फोन केले की तिथला फोन लागेना. क्लेमनंही केला. सगळ्या लाइनी व्यस्त होत्या. दोन दिवसांनी सरकार चालू झालं. झिगीच्या जावयाचा थकलेला पगार एकदम आला. लाल म्हणाले आपण जिंकलो, निळे म्हणाले आपण जिंकलो. मुलांच्या कायद्यावर पुढे सवडीनं चर्चा करायचं ठरलं. ती झाली नाही.

मे उजाडला तसं क्लेमनं नायेलीला सांगितलं की एजन्सी गेली खड्ड्यात, तू अशीच येत जा, मी बघतो. ती म्हणाली की परवान्याबरोबर गाडीचं लायसन्सही जातं, आणि तिच्या घरापासून इथपर्यंत बस नाही. तो म्हणाला, मी आणायला येईन. मग बर्नाडेटजवळ कोण बसणार, असं तिनं विचारलं. शेवटच्या दिवशी तिनं सूप करून डब्यांत भरून फ्रीजरमध्ये लावलं आणि बर्नाडेटचे केस नेहमीपेक्षा घट्ट विंचरले. सूप जूनपर्यंत पुरलं.

एजन्सीनं डॉना नावाची बाई पाठवली. ती वेळेवर येते. बर्नाडेट तिला "नको" म्हणते आणि डॉना ते मनावर घेत नाही. नायेली बापाबरोबर द्राक्षमळ्यात जाते, असं कुणीतरी झिगीला सांगितलं.

त्या नोव्हेंबरात क्लेमच्या दाराशी दोन्ही पक्षांचे प्रचारक आले. मतदानाच्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. तो गेला नाही.