काकींची हळद आणि भरलेली डिस्क

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे ओवे गावातल्या आमच्या आळीत कुणाच्या मोबाइलमधली जागा संपली की तो माझ्याकडे यायचा. "तुझ्या लॅपटॉपमध्ये टाकून ठेव गो." नाही म्हणायला मला जमायचं नाही. लॅपटॉप सेकंडहँड, आणि त्यात निम्म्या आळीच्या हळदी. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीचंच कौतुक जास्त, शूटिंगही तिचंच लांबलचक.

शेवटच्या वर्षाला मी लायब्ररीसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. ते नीट चालतं की नाही हे तपासणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे टेस्ट, सोमवारी सरांसमोर चालवून दाखवायच्या होत्या. त्या अडकल्या तर प्रोजेक्ट नापास. रविवारी दुपारी मी त्या चालवल्या आणि मध्येच लाल अक्षरं आली : डिस्कवर जागा शिल्लक नाही.

मी साठवलेले सिनेमे काढून टाकले. टेस्ट थोड्या पुढे गेल्या, पुन्हा तेच. मग सगळ्यात मोठी फाइल शोधली. शेजारच्या काकींच्या मुलाची हळद. काकींचा तो मोबाइल नंतर विहिरीत पडला होता, म्हणजे ही एकच प्रत. विचारल्याशिवाय हात लावणं बरं वाटेना. दारातूनच म्हटलं, "काकी, तुमची हळद काढली तर चालेल का? लॅपटॉप भरलाय."

"एवढा मोठा लॅपटॉप, त्यात आमची एक हळद मावत नाय?" काकी हात पुसत बाहेर आल्या. "कॉलेजात हेच शिकवतात का गो, लोकांच्या हळदी पुसायला?"

मागून आई आली. "पुसू नको बाय. तिची आई धवले गातेय त्यात."

मला ते आठवलंच नव्हतं. काकींची आई लग्नांत धवले, म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी, गायची. आता ती नाही.

काकींनी माझ्या तोंडाकडे बघितलं असावं. "परीक्षा हाय ना उद्या? मंग काढ. पण एकदा बघू दे."

आमच्या ओटीवर बसून त्या बघू लागल्या. त्यांच्या आईचा आवाज सुरू झाला आणि मी खाली मान घालून बसले. तेव्हा कुठे डोकं चाललं. ही हळद तर गेल्या वर्षापासून इथेच आहे. तेव्हा जागा होती. मग या महिन्यात काय भरलं?

व्हिडिओ चालू ठेवून मी बाजूच्या खिडकीत एकेका फोल्डरचा आकार बघितला. तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर सगळ्या हळदींपेक्षा मोठं होतं. माझी प्रत्येक टेस्ट स्वतःपुरती पुस्तकांच्या सगळ्या माहितीची एक प्रत बनवायची आणि शेवटच्या ओळीत ती पुसायची. पण टेस्ट मध्येच फसली की त्या ओळीपर्यंत पोचायचीच नाही, प्रत तशीच पडून राहायची. आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त होईपर्यंत महिनाभर माझ्या टेस्ट फसतच होत्या.

त्या प्रती काढल्या. टेस्ट पास होवो की नापास, साफसफाई व्हायलाच हवी, असं टेस्टमध्ये लिहिलं. मग भीत भीत पुन्हा चालवल्या. एकेक हिरवी ओळ खाली सरकत गेली. शेवटचीही हिरवी.

"काकी, नाही पुसायची! कचरा दुसराच होता."

"कुणाचा?"

"माझाच."

"बघ गो हिची आई!" काकी आईकडे वळून ओरडल्या. "कचरा हिचा आणि घराबाहेर काढत व्हती आमाला!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की दुपारपासून मी जेवलेच नव्हते.

सोमवारी सरांनी टेस्ट चालवायला सांगितल्या, मग आणखी एकदा. दोन्ही वेळा सगळ्या हिरव्या. "ठीक आहे, पुढचा नंबर," एवढंच ते म्हणाले. मी बाहेर येऊन जिन्यातच बसले आणि काकींना फोन लावला. येताना पेनड्राइव्ह विकत घेते, रात्री तुमची हळद त्यात भरून आणून देते, असं सांगितलं.