आजीच्या पाण्याचा हिशेब

माझी मुलगी खिडकीपाशी उभी राहते, मापाचं भांडं डोळ्यांसमोर धरते, पातळी स्थिर होऊ देते आणि मगच आकडा लिहिते. भांड्यात तिच्या आजीची लघवी असते.

ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली तेव्हा माझ्या आईला मूत्रमार्गाच्या संसर्गाचा ताप होता आणि औषध चालू असूनही तो उतरत नव्हता. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. दिलेला प्रत्येक पेला मी वहीत लिहीत होतो. रोज बारा पेले, म्हणजे चोवीसशे मिली.

"बाबा, बाहेर आलं फक्त पाचशे," मुलगी म्हणाली. "घाम धरला तरी हिशेब जुळत नाही." मग ती आजीजवळ बसली. "आजी, पाणी कुठं ओततेस?"

"कुंडीत," आई ओशाळून म्हणाली. "गुडघे साथ देत नाहीत गं. संडासला न्यायला सारखं कुणाला उठवू?"

"मला उठव. या मोजण्याचे मला मार्क असतात. तू प्यायली नाहीस तर मी नापास."

मी काटेकोर माणूस म्हणून ओळखला जातो. पण मी भरलेले पेले मोजले. आईला मदत मागताना किती जड जातं, ते माझ्या वहीत कुठंच नव्हतं. ते या पोरीनं वाचलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. आज दुपारी पाहुणे बसले असताना आतून आईचा खणखणीत आवाज आला, "नर्सबाई, भांडं आणा." पाहुणे चपापले. मी मात्र ताठ बसून सांगितलं, "माझ्या मुलीला बोलावतेय."