अबू सालेमच्या रायफलची गोळी

लेथखालचा लोखंडाचा कीस रोज झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी बुटात टोचायला थोडा उरतोच. आमच्या वर्कशॉपच्या किश्शांचं तसंच आहे. रिटायर होऊन चिपळूणला येऊन बसलो त्याला जमाना झाला, पण चहाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "साळवी, ते कुवेतचं सांगा." आणि मी काय, सांगायला टपलेलाच असतो!

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत मी टर्नर होतो. माझ्या शेजारच्या बाकावर इब्राहिमचाचा, फिटर, दाभोळचे. स्टोअरला पुण्याचा करमरकर. त्याला स्वयंपाकाची भारी हौस, आमची मेस तोच चालवायचा. सगळ्यांच्या वर हॅरिससाहेब, सुपरिंटेंडंट. आणि वर्कशॉपच्या गेटवर अबू सालेम, म्हातारा कुवेती पहारेकरी. तरुणपणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारलेल्या, मग गलबतावर खजूर लादून मुंबईपर्यंत फेऱ्या केलेल्या. त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा झकास!

* * *

सुरुवात झाली ती बुंदीच्या झाऱ्यापासून.

हॅरिससाहेबाला शिकारीचं वेड. सुट्टी आली की बंदूक घेऊन वाळवंटात पाखरांमागे. एकदा त्याचे छर्रे संपले आणि विलायतेहून यायला उशीर. चाचा म्हणाले, "साहेब, शिसं द्या, हितंच पाडतो."

पाडायचे कसे? चाचांनी मेसमधून करमरकरचा झारा उचलला, वितळलेलं शिसं त्यातून सोडलं आणि खाली पाण्याची बादली धरली. थेट बुंदी! फक्त प्रत्येक दाण्याला शेपूट आलं.

साहेबानं एक दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला. "इब्राहिम, ही तर बेडकाची पिल्लं आहेत!"

"साहेब, पाखरू पळालं तर पोहत मागं जातील," चाचा म्हणाले.

करमरकर मात्र रडकुंडीला आला. दिवाळी तोंडावर आणि झारा शिशानं माखलेला. साहेबाला वाईट वाटलं, त्यानं मला नवा झारा करायला सांगितला. मी स्टीलच्या पत्र्याला ड्रिलनं भोकं पाडली, सगळी एका मापाची, अगदी गेज लावून. त्या दिवाळीला लाडू वळलेच जाईनात. बुंदी एवढी गोल आणि एकसारखी की ताटातून गडगडत जमिनीवर! करमरकर कपाळाला हात लावून म्हणाला, "साळवी, मी बुंदी मागितली होती. बॉल बेअरिंग नव्हे."

* * *

हे छर्ऱ्यांचं अबू सालेमच्या कानावर गेलं. एक दिवस तो घोंगडीत काहीतरी गुंडाळून घेऊन आला आणि चाचांच्या बाकावर हळूच ठेवलं. त्याच्या वडिलांची रायफल. मागून उघडणारी, एका वेळी एकच काडतूस घेणारी, दस्त्याचं लाकूड हात लागून लागून काळं झालेलं.

"ये मेरे वालिद की शादी में बोली," तो म्हणाला, "मेरी शादी में बोली. अब सालेम की शादी है. इसको बोलना चाहिए."

त्या मापाची काडतुसं मिळेनाशी होऊन कित्येक वर्षं झाली होती. त्याच्याकडे होती ती जुनी रिकामी पितळी टरफलं, मूठभर. सालेम त्याचा एकुलता एक मुलगा. लग्न उन्हाळा सरल्यावर. शेजाऱ्यांकडे नव्या कोऱ्या बंदुका होत्या, त्यातली एखादी कुणीही दिली असती. त्याला ती नको होती.

आपल्या लग्नात वडिलांनी वाळूच्या टेकाडावर मातीचा घडा ठेवून एका गोळीत कसा फोडला, ते त्यानं हातवारे करून दाखवलं. डोळे भरून आले होते त्याचे. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही म्हणायची कुणाची छाती होणार?

परवानगीसाठी साहेबाकडे गेलो. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टरफलात बंदुकीची दारू मी भरून देईन, ती तुमच्यापैकी कुणी हातात घ्यायची नाही. बाकी वर्कशॉपमध्ये काय चाललंय ते मला दिसत नाही. चष्मा बदलायला झालाय."

चष्मा तो लावतच नव्हता!

* * *

गोळी ओतायची तर आधी नळीचं आतलं माप हवं. जुन्या नळीत झीज किती झालीय कुणास ठाऊक. करमरकर म्हणाला, "सोप्पंय. कणीक भरू, ठसा काढू, माप घेऊ." मेसमधून घट्ट कणीक आली. नळीच्या तोंडात ठासून बसवली आणि तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला.

रायफल राहिली बाहेर पत्र्यावर. जूनचं ऊन! जेवून येतो तर नळीत कणकेचा खमंग रोट भाजून तयार. ओढून निघेना, ढकलून सरकेना. चाचांनी लाकडाची काठी घासून घासून आत घातली आणि संध्याकाळपर्यंत इंचाइंचानं तो बाहेर काढला. नळीला ओरखडा येऊ नये म्हणून जीव मुठीत धरला होता. अबू सालेम शेजारी उकिडवा बसून बघत होता. आम्हाला वाटलं, आता हा रायफल उचलून निघून जाणार.

शेवटी रोट बाहेर पडला. त्यानं तो उचलला, वास घेतला आणि शांतपणे म्हणाला, "भूखी थी बेचारी."

दुसऱ्या दिवशी माप मेणानं घेतलं.

* * *

मग साचा. पितळेचे दोन ठोकळे, बिजागरीनं जोडलेले, मोदकाच्या साच्यासारखे उघडणारे. आतली खोबण मी लेथवर कातली. पुढचं फिटिंग चाचांचं. चाचा म्हणजे काम हातात घेतलं की गाणं गुणगुणणार आणि कुणाला जवळ येऊ देणार नाहीत.

पहिलं शिसं ओतायला सगळे जमले. साहेबसुद्धा, ज्याला काही दिसत नव्हतं तो, येऊन उभा राहिला. चाचांनी साचा उघडला. गोळी झकास! अंगठ्याएवढी, चकचकीत. आणि मधोमध आरपार भोक.

कुणालाच काही कळेना. चाचांनी साच्यात बघितलं तर मधोमध एक सळई, त्यांनी स्वतः बसवलेली, मन लावून. दाभोळला बापाबरोबर लहानपणापासून त्यांनी शिसं ओतलं होतं ते मासळीच्या जाळ्याला लावायचं. त्याला दोरी ओवायला भोक लागतंच. शिसं म्हटलं की भोक!

"चाचा, हे काय केलंत?"

चाचा गोळीकडे बघत राहिले. "मी नाय रे केलं," ते म्हणाले. "हातानं केलंन."

सगळ्यात मोठ्यानं हसला अबू सालेम. त्यानंही जन्मभर जाळी ओढली होती. तो हसता हसता खाली बसला. "इब्राहिम, दुल्हा है, मछली नहीं है!"

त्या दिवसापासून चाचांची सुटका नाही. पंप दुरुस्त करून दिला तरी कुणीतरी विचारणार, "चाचा, भोक पाडलंत ना?" चाचा हसायचे, पण मनातून त्यांना लागलं होतं. साचा पुन्हा घासताना गाणं बंद होतं.

* * *

टरफलात गोळी दाबून बसवायला प्रेस लागतो. मी तो केला भंगारातल्या एका व्हॉल्व्हचा. वरचं चाक फिरवलं की स्क्रू खाली उतरतो आणि गोळी सरळ आत बसते. व्हॉल्व्ह असल्यामुळे रंग मूळचा लालच होता. बाकाला बोल्ट मारून टाकला.

नेमका सेफ्टीचा इन्स्पेक्टर फेरीला आला. चाकाकडे बघून म्हणाला, "हा व्हॉल्व्ह कुठल्या लाइनवर?"

साहेब छताकडे बघतोय. करमरकर पुढे झाला. "स्टँडबाय आहे सर."

इन्स्पेक्टरनं मान डोलावली, खाली वाकून पाहिलं, चाक फिरवून पाहिलं, आणि जाताना त्याला टॅग अडकवला: 'तपासला. गळती नाही.'

* * *

काडतुसं तयार झाली. सुरक्षेसाठी पहिला बार रायफल वाळूच्या गोण्यांत अडकवून, लांबून दोरीनं ओढून काढायचं ठरलं. अबू सालेमला ते मुळीच पटलं नाही. "मेरे बाप की बंदूक को बकरी जैसा बाँधा!" पण साहेब हटला नाही. दोरी ओढली, दणका झाला, रायफल शाबूत. आम्ही लहान पोरांसारखे नाचलो.

नाचता नाचता करमरकर थांबला. "एक विचारू? लग्नात नुसता आवाजच काढायचा असेल, तर गोळी लागतेच कशाला?"

चाचांचा चेहरा पडला. अख्खा उन्हाळा त्यांनी त्या साच्यापायी घालवला होता.

अबू सालेमनं करमरकरकडे असं पाहिलं, जणू त्यानं बिनमिठाची बिर्याणी वाढली. "मेरे वालिद," तो म्हणाला, "खाली बात कभी नहीं करते थे."

चाचांचं गाणं दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं.

* * *

लग्न वाळवंटाच्या कडेला, तंबू ठोकून. दुपारची नमाज झाली, कॉफी फिरली, पुरुषांचं तलवारी घेऊन नाचणं झालं. आम्ही चौघं पाहुण्यांत बसलो होतो, साहेबसुद्धा मांडी घालून. वाळूच्या टेकाडावर घडा ठेवलेला. टेकाडाच्या पलीकडे नुसती वाळू. शेजाऱ्यांच्या नव्या बंदुका तंबूच्या खांबाला टेकवून ठेवल्या होत्या.

अबू सालेम उभा राहिला. चाचांनी काडतूस बाहीला पुसून त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं नेम धरला. पहिल्यांदा घोडा ओढला, नुसतं टक्! काहीच नाही. साहेबानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं, बराच वेळ जाऊ दिला, मग ते काडतूस स्वतः काढून बाजूला ठेवलं. चाचांनी डोळे मिटून घेतले.

दुसरं काडतूस. आणि असा दणका झाला की तंबूंमागे बसलेले उंट उठून उभे राहिले! अबू सालेम मागच्या मागे वाळूत बसला. धूर विरला तर टेकाडावर घडा तसाच, धडधाकट.

सालेम बापाला उचलायला धावला. पण म्हातारा बसल्या जागी हसत होता, गालावरून पाणी वाहत होतं. "वही आवाज," तो म्हणाला. "बिलकुल वही."

"पण घडा?" करमरकरला राहवलं नाही.

अबू सालेमनं त्याला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, तरी आम्हाला ऐकू गेलंच. "वालिद का भी नहीं लगा था."

दुसऱ्या दिवशी सुट्टी. सकाळी खोलीत चाचा नाहीत. शोधत शोधत मी त्या टेकाडापाशी गेलो. चाचा मेसची पिठाची चाळण घेऊन वाळू चाळत होते. आणि त्यांच्या समोर, घरातली दुसरी चाळण घेऊन, अबू सालेम! दोघांनी आपापल्या बाजूनं अर्धं टेकाड उपसलं होतं. चाचांचं गाणं चालू.

गोळी अबू सालेमच्या चाळणीत सापडली. पुढून चपटी झालेली, बाकी अखंड. त्यानं ती अंगातल्या लांब झग्याला पुसली, उन्हात फिरवून फिरवून पाहिली आणि चाचांच्या तळहातावर ठेवून त्यांची मूठ मिटली.

"इब्राहिम," तो म्हणाला, "अब इसमें छेद करो."