बुटका ओटा

कमल ओट्यावर भाकऱ्या थापत होती आन् मी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होतो. कमल म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "उद्या सकाळी चहा तरी तुम्ही ठेवा. गुडघे धरलेत माझे."

"तुझा ओटा बुटका. वाकलो की माझी कंबर धरती."

"बांधला कुणी?"

"तू बुटकी, त्याला म्या काय करू?"

तिनं पिठाच्या हातानं मला शेंग फेकून मारली. पहाटं ती झोपेतच गेली.

मी येरमाळ्यातला मिस्त्री, म्हणजे गवंडी. शाळा थोडी झाली, पण ओट्याचं माप पक्कं. बाईला उभं करायचं आन् तिच्या कोपराखाली वीतभरावर ओटा घ्यायचा. खाली गेला तर कंबर जाती, वर गेला तर खांदे. आमचा ओटा कमलच्या मापाचा. गावातल्या बाया हसायच्या.

ती गेल्यावर घर लई गप झालं. मग मागची खोली आन् सैपाकघर भाड्यानं दिलं. शबाना दवाखान्यात नर्स, तिचा नवरा इरफान हायवेवर पंक्चर काढतो. बोली अशी, की माझी भाकरी शबाना करणार. माणसं चांगली. पण शबाना एवढी उंच, की नवऱ्याच्या डोक्यावरून पलीकडचं बघती.

ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "चाचा, हा ओटा बालवाडीसाठी बांधला व्हता का?"

"माझ्या बायकोसाठी."

तिनं जीभ चावली. चार विटा आणल्या आन् त्यावर शेगडी ठेवली.

एक दिवस शेगडी डगमगली आन् तापलेला तवा तिच्या पायाजवळ पडला. इरफान पुढच्या खोलीत आला. "चाचा, हिची कंबर रोज धरती. ओटा फोडा आन् नवा बांधा. न्हाय तर आमी स्टँडजवळ खोली बघतो."

"बघा की," म्या म्हटलं. फोडायचं नावच काढायचं न्हाय.

थोड्या वेळानं आतून भांडी पोत्यात भरायचा आवाज आला. भांड्यांचा आवाज ह्या घरात परत कुठं सुरू झाला होता, तो आता चालला. मला बसवंना. आत गेलो. बघतो तर शेगडीखालच्या विटा सरळ वळीत, जशी भिंतीची एक ओळ. त्या ओळीला आमी थर म्हणतो. जन्मभर थरावर थर चढवले, आन् घरातला ओटा चढवायचं सुचलं न्हाय!

"पोरी, भांडी खाली ठेव. ओटा फोडायचा न्हाय, उचलायचा."

ओट्यावर शहाबादी फरशी. तिची कड कमलच्या हातानं गुळगुळीत झालेली. ती अख्खी निघाली पायजे, तडकली तर संपलं. छिन्नीनं सांधे हळूहळू मोकळे केले. खाली पोत्याची घडी टाकली.

"चाचा, बिस्मिल्ला म्हणून उचलू?" इरफानच्या कपाळाला घाम.

"नाव कुणाचंबी घे, पण कोपरा सोडू नको."

"ह्यांच्याकडचा कोपरा मला द्या," शबाना म्हणाली. "ह्यांनी काल टायर पायावर पाडून घेतलंय."

फरशी अख्खी निघाली. इरफानचा अंगठाबी वाचला.

मग शबानाला उभं केलं. "ताठ ऱ्हा. चप्पल काढ."

"मी चप्पल घालूनच सैपाक करती, चाचा."

"मग घाल की! आधी सांगायचं न्हाय व्हय?"

मापात दोन थर बसले. विटा चढवल्या, वर तीच फरशी, तीच कड बाहेरच्या बाजूला. पुढं काही दिवस विटांना पाणी मारायचं, न्हाय तर सिमेंट जोर धरत न्हाय. तवर शेगडी जमिनीवर. इरफान म्हणायचा, "चाचा, आता आपण तिघंबी वाकायला लागलो."

ओटा पक्का झाल्यावर एका संध्याकाळी शेगडी वर ठेवली. शबानानं भाकऱ्या केल्या आन् कमरेचं नाव न काढता रात्रपाळीला निघून गेली. गवंड्याला शाबासकी अशीच मिळती. तक्रार बंद झाली, की माप बसलं समजायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थकून दारात आली. इरफान झोपलेला. मी ओट्यापाशी उभा ऱ्हायलो. वाकावंच लागंना. सबब संपली होती.

म्या चहा ठेवला.